चोपड्याहून किल्ला पाहायला निघताना

नोव्हेंबर उजाडला की पेडण्याच्या किनारपट्टीत पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. मोरजी, मांद्रे, हरमलला उतरणारी पुण्या-मुंबईची कुटुंबे असतात. नोकरीनिमित्त दूर गेलेली आणि सुटीत चोपड्याला आजोळी आलेली मंडळीही असतात. या सगळ्यांचे प्रश्न दरवर्षी तेच असतात. नदीपलीकडच्या डोंगरावरचा शापोऱ्याचा किल्ला पाहायला किती वेळ लागतो? तिकीट असते का? त्याच दिवशी तेरेखोलही होईल का? आजीला नेता येईल का? आणि जे जाऊन आलेले असतात ते विचारतात, "एवढे चढून गेलो, पण आत तर काहीच नाही. मग पाहायचे काय?"

थोडक्यात उत्तर असे. चोपड्याहून एका दिवसाच्या आवाक्यात चार किल्ले आहेत. चारही एका दिवसात करू नका. एक नीट पाहा, वेळ उरला तर दुसरा. निवड करताना नकाशावरच्या किलोमीटरपेक्षा नदी, भरती-ओहोटी आणि ऊन या तिघांना जास्त महत्त्व द्या. किल्ल्याला निघाल्यावर जो विचका होतो, तो बहुतेक वेळा या तिघांपैकी एकाला विसरल्यामुळे होतो.

आधी एवढा इतिहास पुरे

पोर्तुगिजांनी बार्देश १५४३ मध्ये घेतला. पेडणे मात्र त्यांच्या हाती १७८८ मध्ये आले. त्याआधी ते सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होते. म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षे शापोरा नदी ही सरहद्द होती. शिवोली पोर्तुगिजांची आणि समोरचे चोपडे परक्या राज्यातले. शापोऱ्याचा किल्ला ज्या काठावर नजर ठेवायला बांधला, त्याच काठावरून तुम्ही निघणार आहात. तेरेखोल आणि हळर्ण हे किल्ले मूळचे भोसल्यांचे. त्यांचा रोख उलट, पोर्तुगिजांच्या दिशेने होता. ते दोन्ही पोर्तुगिजांनी १७४६ मध्ये जिंकले. त्या मोहिमेच्या व्हाइसरॉयला पुढे 'मार्क्विस ऑफ आलोर्ना' हा किताब मिळाला, तो याच हळर्णवरून.

पेडणे घेतल्यावर सरहद्द उत्तरेला तेरेखोल नदीवर सरकली आणि शापोऱ्याला काम उरले नाही. १८९२ मध्ये तो सोडून दिला गेला. आत शिबंदीच्या राहण्याची जागा होती, सेंट अँथनीची इगर्जही होती. आज त्यातले जवळपास काही उभे नाही. 'आत काहीच नाही' याचे कारण हे. महाल, दिवाणखाना, शस्त्रागार असे काही मनात धरून गेलात तर निराश व्हाल. तो पहाऱ्याचा किल्ला होता. त्याच्यापाशी पाहायचे ते तट, बुरूज आणि तिथून दिसणारा मुलूख.

कोणता किल्ला कोणासाठी

- शापोरा (बार्देश): शिवोलीचा पूल ओलांडून साधारण अर्ध्या तासात पायथ्याशी. चढ छोटा पण उभा. नदीमुख आणि समुद्र पाहण्यासाठी सर्वांत चांगला. तरुण मंडळी आणि चालू शकणारी मुले यांना सोयीचा.
- तेरेखोल (पेडणे): नदीच्या उत्तर काठावर, गोव्याच्या अगदी टोकाला. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने किंवा आरोंद्यावरून रस्त्याने. त्यासाठी किमान अर्धा दिवस वेगळा काढा.
- हळर्ण (पेडणे): शापोरा नदीच्याच काठी, पण आत, गावात. अलीकडच्या काळात राज्य सरकारने त्याची डागडुजी केली आहे. गर्दी कमी, चढ जवळजवळ नाही. वडीलधाऱ्यांना आणि शांतपणे तटबंदी पाहू इच्छिणाऱ्यांना उत्तम.
- खोर्जुवे (बार्देश): हळदोण्याजवळ नदीतल्या बेटावरचा लहानसा, आटोपशीर किल्ला. पोर्तुगिजांनी तो १७०५ मध्ये घेतला. तासाभरात पाहून होतो. पुरुषवेषात सैन्यात राहिलेल्या उर्सुला इ लँकास्त्रे या पोर्तुगीज स्त्रीची कथा या किल्ल्याशी जोडलेली आहे. मुलांना ती सांगितली की किल्ला त्यांच्या लक्षात राहतो.

मोठा, सुस्थितीतला आणि गाडी जवळपर्यंत जाणारा किल्ला हवा असेल तर दक्षिणेला आग्वाद आहे. तो १६१२ मध्ये पूर्ण झाला. वरचा भाग केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, तर खालच्या जुन्या तुरुंगात स्वातंत्र्यलढ्याचे संग्रहालय आहे. मात्र शिवोली, कळंगुट, कांदोळी हा रस्ता डिसेंबरमध्ये तुंबतो. त्यामुळे आग्वादला जायचे तर सकाळीच निघा.

शापोरा: पायरी पायरीने

१. वेळ ठरवा. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला किंवा दुपारी चारनंतर. मधल्या वेळेत जाऊ नका. वर सावली नाही आणि चिरा तापला की खालून-वरून भाजून निघाल.

२. नकाशात 'शापोरा किल्ला' असेच टाका. नुसते 'शापोरा' टाकले तर गाव, जेटी किंवा नदी यांपैकी काहीही समोर येते. किल्ल्याला वागातोरच्या बाजूने आणि शापोरा गावाच्या बाजूने अशा दोन्हीकडून वाट आहे. बहुतेक पर्यटक वागातोरच्या बाजूने चढतात.

३. गाडी पायथ्याशी लावा. वाहनतळावर पैसे मागितले तर पावती मागा. पावती द्यायला तयार नसेल तर दुसरी जागा बघा. रस्त्याच्या कडेला अर्धी गाडी बाहेर ठेवून जाऊ नका. परत आल्यावर दंडाची चिठ्ठी मिळू शकते.

४. पाणी खालूनच घ्या. माणशी निदान एक लिटर. वर दुकान नाही, स्वच्छतागृह नाही. मुलांना खालीच जाऊन येऊ द्या.

५. चपला घालून चढू नका. वाट मातीची आणि सुट्या चिऱ्यांची आहे. मागून पट्टा नसलेल्या चपला उतरताना सटकतात. पकड असलेले बूट किंवा सँडल घाला.

६. चढायला दहा-पंधरा मिनिटे धरा, पाहायला एक तास. घाई केलीत तर फक्त समुद्र दिसतो आणि किल्ला राहून जातो.

७. सूर्यास्तासाठी थांबणार असाल तर टॉर्च बरोबर असू द्या. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत वाट दिसेनाशी होते. मोबाइलची बॅटरी फोटोत संपवू नका.

किल्ल्यात जायला तिकीट नाही. वाटेत कोणी 'एन्ट्री'च्या नावाखाली पैसे मागितले तर देण्याचे कारण नाही.

वर गेल्यावर काय पाहावे

आत शिरताना दरवाजापाशी थांबा. तो अरुंद आहे आणि त्याच्याकडे येणारी वाट चढणीची. हल्लेखोराला धाप लागावी आणि एकदम झुंडीने आत येता येऊ नये, ही त्यामागची योजना. मग तटाला धरून चालायला लागा. हा तट सरळ रेषेत किंवा चौकोनात नाही. डोंगराचा माथा जसा वळतो तसा तोही वळतो. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला खाली उभे राहून आडोसा मिळेल अशी जागा फारशी उरत नाही. कोपऱ्यांवरचे गोल टेहळणी मनोरे पाहा. त्यांत एका वेळी एक शिपाई मावेल एवढीच जागा आहे.

त्यानंतर उत्तरेच्या तटावर या. समोर नदीचे मुख आणि मोरजीची वाळू दिसते. उजव्या हाताला नदी आत शिवोली-चोपड्याकडे वळते. इथे उभे राहिलात की या डोंगरासाठी एवढी चढाओढ का झाली ते उमगते. समुद्रातून नदीत शिरणारी होडी आणि उत्तर काठावरून पाणी ओलांडू पाहणारी फौज, दोन्ही इथून दिसतात. आदिलशाहीच्या काळापासून या जागेवर पहारा होता. १६८४ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या काळातल्या मोहिमेत मराठ्यांनी हा किल्ला घेतला. आज दिसणारे बांधकाम त्यानंतरचे, १७१७ चे. तेही १७३९ मध्ये भोसल्यांनी जिंकले आणि दोन वर्षांनी पोर्तुगिजांना परत मिळाले. मुलांना एवढेच सांगा की हा किल्ला सतत हात बदलत राहिला. मग कोणत्या बाजूने चढून घेतला असेल ते त्यांना शोधू द्या. अर्धा तास कोणी कंटाळणार नाही.

किल्ल्यात जुन्या भुयारांची तोंडे आहेत. त्यांत उतरू नका. हवा, साप आणि सुटे दगड या तिन्हींचा धोका असतो. बाहेरच्या उतारावर जुन्या मुस्लिम कबरी आहेत. त्यांवर बसू नका, फोटोसाठी चढू नका.

'दिल चाहता है' या २००१ च्या चित्रपटातील दृश्यामुळे इथल्या कड्यावर फोटो काढून घेण्याची पद्धतच पडली आहे. तटाचा काठ झिजलेला आहे आणि खाली थेट खडक आहे. बसून फोटो काढायचा तर काठापासून आत, सपाट जागी बसा. तटावर चढून पाय बाहेर सोडण्याचा मोह मुलांनाही होऊ देऊ नका.

तेरेखोल: आधी पाण्याचे गणित

तेरेखोलला जाताना नेहमीची चूक म्हणजे परतीचा विचार न करणे. केरीहून फेरीबोट आहे, पण पाणी फार उतरले की ती थांबते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ पाहा. मोबाइलवर मिळते, आणि ती नाही पाहिली तरी तिथी पाहून अंदाज बांधता येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर साधारणपणे दुपारच्या सुमाराला भरती आणि संध्याकाळी खोल ओहोटी येते. नेमकी तीच तुमची परतीची वेळ. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. शक्य असेल तर तेरेखोलसाठी असाच दिवस निवडा. वेळा रोज साधारण पाऊण तास पुढे सरकतात, हेही ध्यानात ठेवा.

पर्याय असे:

- फेरीबोट: केरीच्या धक्क्यावर पोचल्यावर पहिला प्रश्न 'शेवटची फेरी किती वाजता?' हाच विचारा. मग तिकडे उतरल्यावर त्याच कर्मचाऱ्यांकडून पुन्हा खात्री करून घ्या.
- रस्ता: किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंदा, तिथून रेडी आणि मग तेरेखोल. अंतर वाढते, पण पाण्यावर अवलंबून राहावे लागत नाही. या वाटेने गेलात तर रेडीचा यशवंतगड आणि तिथले द्विभुज गणपतीचे देऊळ एकाच फेरीत होते.

तेरेखोल प्रशासनाच्या दृष्टीने गोव्यात आहे, पण जमिनीवरून तिथे जाताना महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून जावे लागते. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, भाड्याची गाडी राज्याबाहेर नेण्याची परवानगी आहे का ते मालकाला आधी विचारा. दोन, गोव्यात घेतलेली दारूची बाटली गाडीत असेल तर रस्त्याने जाऊ नका. महाराष्ट्रात ती परवान्याशिवाय नेणे गुन्हा आहे आणि सरहद्दीवर तपासणी होते. 'आम्ही पुन्हा गोव्यातच चाललो होतो' हे कारण तिथे चालत नाही.

किल्ल्याच्या आवारात सेंट अँथनीची इगर्ज आहे. ती एरवी उघडी असतेच असे नाही. उघडी असेल तर पादत्राणे आणि पोशाख यांबाबत जी शिस्त देवळात पाळता तीच इथे पाळा. आत अनेक वर्षे हॉटेल चालले. त्यामुळे कोणता भाग कोणाला खुला आहे हे वेळोवेळी बदलत आले आहे. दरवाजावर विचारल्याशिवाय थेट आत शिरू नका. मुक्तिलढ्यात या किल्ल्याला वेगळे स्थान आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींच्या तुकडीने इथे तिरंगा फडकवला होता. गोवा मुक्त व्हायला तेव्हा सात वर्षे बाकी होती.

दिवस कसा आखावा

*अर्धा दिवस असेल तर:* दुपारी साडेतीनला चोपड्याहून निघा. शिवोलीत चहा घ्या, सव्वाचारपर्यंत पायथ्याशी पोचा, सूर्यास्त पाहून उतरा. दुसरा किल्ला नको.

*पूर्ण दिवस असेल तर:* एकाच नदीवरचे दोन किल्ले पाहा. सकाळी तुये-पेडण्याच्या बाजूने हळर्ण, दुपारी जेवण आणि विश्रांती, संध्याकाळी शापोरा. सकाळी भोसल्यांचा किल्ला आणि संध्याकाळी त्यांच्या विरोधात उभा राहिलेला किल्ला, असे दोन्ही काठ एका दिवसात पाहून होतात. पहिल्यांदा येणाऱ्यांनी हाच बेत करावा, असा माझा सल्ला आहे.

*वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर:* हळर्ण आणि खोर्जुवे. दोन्हीकडे गाडी जवळ जाते. शापोऱ्याला जायचाच हट्ट असेल तर चढू न शकणाऱ्यांना वागातोरच्या किनाऱ्यावर सावलीत बसवा, भर उन्हात गाडीत नको.

*तेरेखोलचा दिवस वेगळा ठेवा.* शापोरा आणि तेरेखोल एकाच दिवशी करता येतात, पण दोन्ही घाईत होतात आणि फेरीबोट चुकली की संध्याकाळ रस्त्यात जाते.

गाडी, बस, पायलट

- भाड्याची दुचाकी किंवा चारचाकी घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.
- गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. जुने ओरखडे नंतर तुमच्या नावावर लागू नयेत यासाठी एवढे पुरते.
- हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हवे. परवाना आणि कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये असतील तर तीही ग्राह्य आहेत.
- मूळ ओळखपत्र किंवा पासपोर्ट अनामत म्हणून देऊ नका. प्रत द्या.
- म्हापसा ते पेडणे मार्गावर कदंबच्या आणि खासगी बसगाड्या आहेत, पण किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत त्या जात नाहीत. शेवटच्या टप्प्यासाठी पिवळ्या मडगार्डची 'पायलट' दुचाकी किंवा टॅक्सी लागेल. बसण्यापूर्वी भाडे ठरवा आणि परतीचे काय, तेही विचारून ठेवा.

काय चालते, काय चालत नाही

- फोटो: स्वतःसाठी काढायला हरकत नाही. लग्नाआधीचे चित्रीकरण, जाहिरात किंवा चित्रपटासाठी मात्र परवानगी लागते. चित्रीकरणाच्या परवानग्यांचे काम गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा पाहते. फोटोग्राफर 'चालते हो' म्हणाला तरी परवानगीचा कागद मागा.
- ड्रोन: मोपाचा विमानतळ पेडणे तालुक्यातच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या परिसरात निर्बंध आहेत. उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय नकाशावर ती जागा कोणत्या क्षेत्रात येते ते पाहा. क्षेत्र मोकळे असले तरी संरक्षित वास्तूवर ड्रोन न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या.
- दारू आणि स्वयंपाक: गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणे, बाटल्या फोडणे, स्वयंपाक करणे यांना कायद्याने बंदी आहे. दंड हजारांच्या घरात आहे आणि गट असेल तर तो वाढतो.
- नावे कोरणे, दगड उचलणे: संरक्षित वास्तूला इजा करणे हा गुन्हा आहे. केंद्राच्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. राज्याच्या संरक्षित वास्तूंसाठी १९७८ चा वेगळा कायदा आहे. आठवण म्हणून चिऱ्याचा तुकडासुद्धा पिशवीत घालू नका.
- काही सापडले तर: नाणे, तोफगोळा, भांड्याचा तुकडा असे काही दिसले तर हलवू नका. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा पोलिसांना कळवा.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर शापोऱ्याची वाट शेवाळाने निसरडी होते आणि माथ्यावर वारा तोल घालवतो. पाऊस चालू असेल तर चढू नका, वीज चमकत असेल तर अजिबात नको. हळर्ण पावसातही पाहता येतो, पण तटाच्या अगदी जवळून चालू नका. भिजलेला चिरा निखळतो.

पावसाच्या दिवसासाठी डिचोलीचा बेत चांगला. नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारले. जीर्णोद्धारानंतर ते २०२३ मध्ये भाविकांसाठी खुले झाले आहे. डिचोलीत औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याच्याशी जोडलेला नमाजगा आहे, हरवळ्याला गुहा आहेत. शापोऱ्यावर ज्या काळाचे नाव ऐकता, त्याच काळाची दुसरी बाजू इथे दिसते.

तुमचे हक्क

- ओसीआय कार्ड असेल तर: परदेशी पासपोर्ट असलेल्या पण ओसीआय कार्डधारक कुटुंबीयांना राष्ट्रीय स्मारके, ऐतिहासिक स्थळे आणि संग्रहालये यांत भारतीयांच्याच दराने प्रवेश मिळतो. मार्च २०२१ च्या अधिसूचनेत हे स्पष्ट आहे. तिकीट असलेल्या ठिकाणी, विशेषतः गोव्यातून पुढे अन्यत्र फिरणार असाल तर, कार्ड जवळ ठेवा. खिडकीवर परदेशी दर मागितला तर शांतपणे दाखवा.
- मुले: केंद्राच्या तिकीट असलेल्या वास्तूंत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे.
- मार्गदर्शक: किल्ल्यावर गाइड घेणे सक्तीचे नाही. घेतलात तर ओळखपत्र पाहा आणि दर आधी ठरवा.
- दंड: पोलिसांनी किंवा अन्य अधिकाऱ्यांनी दंड केला तर पावती घेणे हा तुमचा हक्क आहे. पावतीशिवाय पैसे देऊ नका.
- मदत: आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिका १०८. समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक असतात, किल्ल्यावर नसतात. म्हणून वर कोण चालले आहे आणि किती वाजता उतरणार, हे घरी किंवा हॉटेलवर सांगून जा.
- तक्रार: तट ढासळलेला, फलक मोडलेला, कचरा साचलेला दिसला तर तारीख आणि फोटोसह पणजीच्या पुरातत्त्व संचालनालयाला लिहा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार दहा रुपयांचा अर्ज करून त्या किल्ल्याच्या दुरुस्तीवर काय केले, किती खर्च झाला हे विचारता येते. माहिती देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. चोपड्यात किंवा पेडण्यात राहणाऱ्यांनी हे नक्की करावे. पर्यटक एकदा येऊन जातो, तुम्ही मात्र रोज त्या डोंगराकडे पाहता.

निघण्याआधी शेवटची नजर

पाणी, टोपी, पकड असलेली पादत्राणे, टॉर्च, ओळखपत्र, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. तेरेखोल असेल तर ओहोटीची वेळ. भाड्याची गाडी असेल तर पाटीचा रंग. एवढे पाहिलेत की निघा. आणि दोन किल्ल्यांच्या मध्ये निवड अडली तर गर्दी कमी असलेला निवडा. शापोरा दुसऱ्या दिवशीही तुमच्या समोरच असणार आहे, पण हळर्णला जायचे एकदा राहिले की ते राहतेच.